हात वर केला की थांबायचं

अंगात जाडजूड जाकीट, गुडघ्यांना पॅड, हातमोजे आणि डोक्यावर ते भोपळ्याएवढं हेल्मेट. असा मी बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्यांदा रविवारी सकाळी घराबाहेर पडलो, तेव्हा शेजारच्या काकू अंगण झाडता झाडता म्हणाल्या, "आज कुणाच्या बागंत औषध मारायला निघालास रं?" मी किक मारली. पलूससारख्या गावात ठिबकचे पाइप विकणारा संसारी माणूस सुट्टीच्या दिवशी असलं सोंग घेऊन नुसताच हिंडायला जातो, हे काकूंना काय, माझ्या बायकोलाही आजतागायत पटलेलं नाही. "पोरगं कॉलेजात आणि बाप उनाडक्या करतोय," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय की आता ते ऐकल्याशिवाय मला गाडीची चावी सापडत नाही.

आम्ही चौघं होतो. एक मास्तर, हायस्कूलला गणित शिकवणारा, तोंडाला विश्रांती नसलेला. एक मेडिकलवाला, स्टँडजवळ औषधांचं दुकान चालवणारा, स्वभावानं इतका भित्रा की वळण आलं की आधी हॉर्न आणि मग देवाचं नाव. एक मी. आणि आमचे सुभेदार. सुभेदार आम्हा तिघांपेक्षा चांगलेच थोरले. फौजेत असताना ट्रकांचे ताफे बर्फाच्या डोंगरांतून नेलेले. पेन्शन घेऊन गावी आले, जमीन भावाला कसायला दिली आणि स्वतः जुनी बुलेट घेऊन रस्ते पालथे घालायला लागले. वहिनी गेल्यावर तर त्यांना घरात बसवेनाच. माझ्या दुकानात नळाची तोटी घ्यायला आले होते आणि जाताना मलाच घेऊन गेले, असं म्हणायला हरकत नाही.

दर रविवारी निघायच्या आधी ते आमची परेड घ्यायचे. खरीखुरी. गाड्या ओळीत, आम्ही गाड्यांच्या शेजारी. ते एकेकाच्या हेल्मेटच्या पट्ट्यात हनुवटीखाली बोट घालून ओढून बघायचे. सैल असला की सुरू, "ह्यो काय ताईत हाय व्हय रं, नुसता गळ्यात लोंबाय?" मेडिकलवाला उन्हाळ्यात एकदा हातमोजे विसरून आला तर त्याला घरी परत पाठवलं आणि तो येईपर्यंत आम्हा सगळ्यांना उन्हात उभं केलं. मी चिडलो होतो तेव्हा. चाळीस अंशात जाकिटाच्या आत माणूस उकडून निघतो हो! पण त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

रस्त्यावरचे नियमही त्यांचेच. हेल्मेटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी. पुढच्यानं खूण केली की मागच्यानं ती बघायची आणि आपल्या मागच्याला द्यायची. पाय बाहेर काढला की त्या बाजूला खड्डा. डावा हात सरळ वर केला की थांबायचं. त्यात पुन्हा 'का' नाही. "हात वर दिसला की आदी थांबायचं. इचारायचं मागनं," हे ते इतकं घोकून घ्यायचे की माझा मुलगा लहान असताना मी घरात आळस दिला तरी जागच्या जागी उभा राहायचा. कोयनेच्या घाटात, कासच्या पठारावर, फलटणच्या उसाच्या गर्दीत, कुठंही तो हात वर गेला की आमच्या गाड्या उभ्या. त्या हातावर आमचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

मग एका हिवाळ्यात मला आरशात काहीतरी वेगळं दिसायला लागलं. तेव्हा सुभेदारांनी मला पुढं चालवायला लावलं होतं. "तू आता तयार झालास, मी मागं ऱ्हातो," असं म्हणाले. मी खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू? पण पूर्वी ते नेहमी जरा बाजूला धरून चालवायचे, पुढच्याच्या थेट मागं कधीच नाही. आता ते माझ्या चाकाच्या चाकोरीतच. मी डावीकडं सरकलो की तेही डावीकडं. मी खड्ड्यात गेलो की तेही खड्ड्यात. आणि सकाळच्या परेडीत पट्टा बघताना पूर्वी बोट सरळ हनुवटीखाली जायचं, ते आता आधी जाकिटाच्या कॉलरवर पडायचं आणि तिथून वर सरकायचं.

मला वाटलं, वय झालं. मोतीबिंदू असेल, एक ऑपरेशन केलं की झालं. मी तसं मेडिकलवाल्याला म्हटलंही. तो गल्ल्यामागं उभा होता, त्याचा चेहराच उतरला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "काचबिंदू हाय. माझ्याकडनंच थेंब नेत्यात. कुणाला सांगू नगंस म्हणून शपथ घातली हुती." मी म्हटलं, मग करू की ऑपरेशन, चांगल्यातला चांगला डॉक्टर गाठू. तो मान हलवत राहिला. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. थेंबांनी, ऑपरेशननं फार तर राहिलेली जरा टिकते. आणि सुभेदार डॉक्टरकडं गेले तेच फार उशिरा. कडेची नजर आधी जाते, मधली तेवढी राहते, तीही धूसर. ऊन समोर असलं की तीही नाही.

"अंधार दिसतो का मग बाजूला?" मी विचारलं.

"त्येच तर वाईट हाय. अंधार दिसला असता तर माणूस सावध झाला असता. जे दिसत न्हाई ते तितं न्हाईच असं वाटतं त्यांना."

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी अर्ध्या इंची पाइपचे दोन वीतभर तुकडे कापले, डोळ्यांना लावले आणि चालून बघितलं. समोरचं कॅलेंडर दिसत होतं, त्यावरची तारीखसुद्धा दिसत होती. आणि मी वजनकाट्यावर जाऊन आपटलो. गुडघा चोळत खाली बसलो आणि मला एकदम रडूच फुटलं. बायको भाकरी घेऊन आली तर तिला वाटलं लागलं म्हणून रडतोय. "एवढाल्या घोड्याला रडू येतं व्हय," म्हणाली. मी पाइपचे तुकडे काट्यामागं सरकवले.

त्यानंतर आठवड्याभरात सुभेदारांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. मुलगा चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही. "काका, त्यांनी गाडी चालवू नये असं डॉक्टर म्हणाले. मी सांगितलं तर माझ्यावर ओरडतात. त्यांचं म्हणणं, ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी मी तुझ्याकडं येतो, तोवर नाव काढू नकोस. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील." मी बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. डोक्यात तिडीक गेली. माझं ऐकतील! ज्या माणसानं मला गाडी कशी उभी करायची इथपासून शिकवलं, त्याला मी जाऊन सांगू, आता तुम्ही उतरा?

आणि उतरून जायचं कुठं, तर पुण्यात बाराव्या मजल्यावर. मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो तिथं. सून सकाळी कामावर, मुलगा कामावर, नातू शाळेत. दिवसभर सुभेदार गॅलरीत. खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी आणि वर बघितलं की कबुतरं. परत येताना खंबाटकी उतरल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "गड्या, बर्फात गाडून घेतलं असतं पर ह्यात न्हाई." इथं त्यांचं स्वतःचं घर होतं. सकाळी उठून स्वतः चहा, स्वतः भाकऱ्या, दारात गाडी. गाडी होती म्हणून त्या घरात ते एकटे राहू शकत होते. गाडी गेली की घर गेलंच, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

म्हणून मग आम्ही तिघांनी सांगलीला जायच्या निमित्तानं एकत्र बसून एक बेत केला. मेडिकलवाला नको म्हणत होता. "कुणाचं पोर आडवं आलं तर? त्येंचा जीव जाईल ती गोष्ट येगळी, दुसऱ्याचा गेला तर?" तो रडवेला झाला होता. मास्तर म्हणाला, आपण आहोत ना, येऊच देणार नाही कुणाला आडवं. मीही तेच म्हणालो, जरा मोठ्या आवाजात. बेत असा होता: मास्तर बराच पुढं जाणार आणि रस्त्यात काय आहे ते बघणार. मी सुभेदारांच्या नेमका पुढं, हळू, खड्डे टाळत. मेडिकलवाला त्यांच्या मागं, जरा उजवीकडं, म्हणजे मागून येणारी गाडी आधी त्याला ओलांडेल. हेल्मेटात बसवायची बोलायची यंत्रं मास्तरनं ऑनलाइन मागवली. सुभेदारांना सांगितलं, मास्तरला गप्पा मारायला पाहिजेत म्हणून आणली. ते त्यांना लगेच पटलं.

मग आमचं सुरू झालं. "डावीकडनं म्हशी," मास्तर पुढून सांगायचा, जसं काही सहज दिसल्या म्हणून. "उसाची ट्रॉली हाय, उजव्या अंगानं घे," असं मी म्हणायचो, मास्तरला सांगितल्यासारखं. सुभेदार माझ्या मागच्या लाल दिव्याकडं बघत यायचे. गाडी तशीच ताठ, पाठ सरळ, एक धक्का नाही. कराड झालं, औंध झालं, तासगाव झालं. आणि ते खूश! "आता कुठं शिकलाय तुमी लेकांनो. आदी मेंढरावानी पळत हुता, आता बघा, कानवाय दिसतोय." फौजेतला ताफा म्हणजे त्यांच्या तोंडी कानवाय. मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. आम्ही जितकं चोख काम करायचो तितकी त्यांची खात्री वाढायची की आपल्याला सगळं दिसतंय. थेंब टाकतोय, बरं चाललंय, असं ते मुलाला फोनवर सांगायचे. मुलगा मला विचारायचा, खरं का? मी म्हणायचो, बरं चाललंय.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. त्या रविवारी आम्ही विट्यावरून भिवघाट उतरून आटपाडीकडं गेलो. जानेवारी असावा. तिकडं आता पाणी आलंय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आहेत, पण मेंढरं अजून आहेत. आटपाडीच्या अलीकडं एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता. मास्तरनं सांगितलं, मी हात वर केला, सुभेदार माझ्या मागच्या चाकाला टेकतील इतके जवळ येऊन थांबले. कळप गेला. मी गाडी हळूच पुढं काढली. आणि मागून बाईमाणसाची किंकाळी आली.

कळपाच्या मागून एक बाई चालत होती, हातात काठी आणि कडेवर नुकतंच जन्मलेलं कोकरू. ती डावीकडून रस्त्यावर आली होती आणि सुभेदारांची गाडी तिला घासून गेली होती. बाई पडली नाही, पण कोकरू हातातून सुटून डांबरावर आपटलं आणि बें बें करत तिच्या पायांत शिरलं. ती कडाडली. "डोळं फुटलं का रं मुडद्या? एवढं माणसाएवढं माणूस दिसंना व्हय तुला?"

अशी शिवी आपल्याकडं कोण देत नाही? धक्का लागला तरी देतात. पण आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. सुभेदारांनी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि हात जोडले. "चुकलं बाई माझं. दिसली न्हाईस तू." पांढरे केस बघून बाई जरा नरमली. कोकराचे पाय चाचपत म्हणाली, "मग आवं म्हाताऱ्या माणसानं घरात बसावं की. कशाला असली भूतं घिऊन हिंडताय?" आणि कळपामागं गेली. कोकरू बरं होतं, देवाची कृपा.

पुढं एका टपरीवर आम्ही थांबलो. चहा आला. सुभेदारांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मला एक सांगा. मी गाडी सोडावी का?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि खोकलो. ते हसले. "तोंडानं सांगाय जड जातंय न्हवं? कळतंय मला. तुमी मला भिता. मग असं करू." आणि त्यांनी फौजी आवाजात हुकूम सोडावा तसं सगळं ठरवून टाकलं. तिथून उगवतीकडं एक सरळ रस्ता माळावरून जातो, गर्दी नसलेला. आम्ही तिघांनी पुढं जायचं. डाव्या कडेला बाभळी आहेत, त्यांच्याखाली अंतर ठेवून एकेकानं उभं राहायचं. "सावलीतच ऱ्हावा, जाकिटात उकडाल." ते मागून एकटे येणार. ज्याला वाटतं त्यांनी गाडी सोडावी, त्यानं हात वर करायचा. "एकाचाबी हात दिसला, तर मी तितंच थांबणार, चावी देणार आणि पोराला फोन लावणार. का केलास म्हणून कुणाला जन्मात इचारणार न्हाई. हात वर केल्यावर इचारायचं नसतंच. आणि कुणीच न्हाई केला, तर ह्यो इषय परत काढायचा न्हाई. हाय कबूल?"

आम्ही कबूल म्हणालो. याहून सोपं काही नव्हतंच. तोंडावर सांगायला नको, डोळ्यांत बघायला नको. इतकी वर्षं जो हात आम्ही करत आलो तोच एकदा करायचा. ज्यानं त्यानं आपल्या मनाचं करायचं, असं न बोलताच ठरलं.

पहिला मास्तर उभा राहिला, मग बऱ्याच अंतरावर मेडिकलवाला, शेवटी मी. गाडी बाभळीआड लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं. डोक्यात नुसता कालवा. बाई आठवत होती, ते कोकरू आठवत होतं, बारावा मजला आठवत होता. त्यांनी माझ्या मुलाला हँडल धरायला शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा भर पावसात सगळ्यांच्या आधी दारात त्यांचीच गाडी होती. मी हात वर करणार म्हणजे त्या माणसाला माझ्या हातानं गॅलरीत नेऊन बसवणार. आणि नाही केला तर पुढच्या वेळी बाईच्या कडेवर कोकरूच असेल कशावरून? मी स्वतःला लय शिव्या घातल्या. आणि शेवटी ठरवलं, करायचा. माझ्या आधी कोणी केला तर बरं, माझी वेळच येणार नाही, असाही विचार मनात आला.

गाडीचा आवाज आला. लांबून मास्तरचा हात वर गेलेला मला दिसला. मला धक्काच बसला, कारण मला वाटलं होतं तो करणार नाही. चला, झालं, आता थांबतील. पण गाडी थांबली नाही. वेगही कमी झाला नाही. मला राग आला. म्हटलं, म्हातारा शब्द फिरवतोय! इतकी शिस्त शिकवली आणि स्वतःवर आल्यावर बघून न बघितल्यासारखं करतोय! मग मेडिकलवाल्याचा हात वर गेला. एक नाही, दोन्ही हात. गाडी त्याच्याही पुढून सरळ निघून आली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. आम्ही बाभळीच्या सावलीत, डाव्या कडेला. बघू न शकणाऱ्या माणसाला आम्ही खुणेनं सांगायला उभे होतो की तुला दिसत नाही! हात वर केला की गाडी थांबते, ही सवय इतकी हाडांत मुरलेली की तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. गणित शिकवणाऱ्या मास्तरच्याही नाही, थेंब विकणाऱ्या मेडिकलवाल्याच्याही नाही, पाइप डोळ्यांना लावून काट्यावर आपटलेल्या माझ्याही नाही.

मी डांबरावर गेलो. हात वर केला. ओरडलो, "सुभेदार! आवं सुभेदार!" हेल्मेटात काय ऐकू जाणार? आणि बोलायची यंत्रं आमची तिघांची हेल्मेटात, हेल्मेटं गाड्यांवर. ते आले. पाठ ताठ, कोपर सैल, मान जराशी इकडून तिकडं वळवत, आम्हाला शोधत. त्यांच्या गाडीचा आरसा माझ्या बाहीला फटकन लागला. मी कोलमडलो. ते गेले.

लांब एका मोरीपाशी त्यांनी गाडी थांबवली. आम्ही तिघं धावत गेलो, गाड्या घ्यायचंही सुचलं नाही. पोचलो तेव्हा ते गाडीवरून उतरून हेल्मेट काढून उभे होते. चेहरा असा फुललेला मी वहिनी गेल्यापासून बघितला नव्हता. डोळ्यांत पाणी.

"एकानंबी न्हाई केला रं!" ते म्हणाले. "बघत बघत आलो, म्हटलं आता करतील, मग करतील. एकानंबी न्हाई!" त्यांनी मेडिकलवाल्याला मिठीच मारली. तो हुंदके द्यायला लागला, तर त्याच्या पाठीवर थापा मारत म्हणाले, "आरं रडतोस काय खुळ्या, मी काय मेलो व्हय?" मास्तरनं तोंड फिरवलं. सुभेदार माझ्याकडं वळले. "चला. दिघंचीपतूर जाऊन यिऊ. आज मी फुडं ऱ्हातो."

त्यांनी हेल्मेट उचललं. मी त्यांचा हात धरला.

"सुभेदार, आमी केला हुता हात."

"कुणी?"

"समद्यांनी."

ते हसले. "चेष्टा करू नगंस." मग हसणं थांबलं. त्यांनी मान वळवून आधी मास्तरकडं बघितलं, मग मेडिकलवाल्याकडं, एकेकाला शोधून शोधून. मास्तर, इतकी वर्षं कधी गप्प न बसलेला माणूस, नुसती होकाराची मान हलवत होता.

"तू किती लांब हुतास?"

"तुमचा आरसा लागला माझ्या हाताला."

ज्या बाजूनं आले होते त्या बाजूला ते वळले. "मला वाटलं, फांदी लागली बाभळीची," म्हणाले.

मग त्यांनी चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. कबूल केल्याप्रमाणं का म्हणून विचारलं नाही. हातमोजे काढून सीटवर ठेवले, एकावर एक, नीट. चारी बाजूंना माळ, सकाळचं चढतं ऊन, कुठं माणूस नाही. आम्हा तिघांना आयुष्यात कधी रस्ता चुकू न देणारा तो माणूस तिथं उभा राहून हळूच म्हणाला, "मग आता मी घरी कसा जाऊ रं?"